मनगटावरचे ठोके: व्यायामाला आणि गडावर हार्ट रेट घड्याळ कसं वापरावं

नवं घड्याळ बांधून माणूस पहिल्यांदा पळायला जातो, पाचव्या मिनिटाला पडद्यावर १७८ येतं, पट्टी लाल होते आणि घड्याळ थरथरायला लागतं. काहीजण घाबरून थांबतात. काहीजण घड्याळाकडे बघणंच सोडून देतात आणि मग ते पावलं मोजायचं महाग यंत्र होऊन बसतं. १७८ मागे तीन गोष्टी असू शकतात: हृदय खरंच तेवढं धावतंय, घड्याळ ठोक्यांऐवजी पावलं मोजतंय, किंवा ठोके बरोबर आहेत पण 'लाल' कुठे सुरू होतं ती रेघ चुकीच्या जागी आखलेली आहे. म्हणून आधी आकडा खरा आहे का ते बघायचं, मग रेघा आपल्या शरीराच्या मापाने आखायच्या, आणि व्यायाम त्यानंतर.

घड्याळ नेमकं काय मोजतं

घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या भरतात, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि त्या चढउतारावरून घड्याळ मिनिटाचे ठोके काढतं. म्हणजे घड्याळाला हृदय दिसत नाही, मनगटातल्या रक्ताची हालचाल दिसते. आणि ती हालचाल हृदयाशिवाय इतर गोष्टींनीही होते. हात झुलतो, घड्याळ उड्या मारतं, मूठ आवळली जाते, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात.

यातून नवख्यांना सगळ्यात जास्त फसवणारा घोळ होतो. पळताना आपली पावलं साधारण मिनिटाला १६० ते १८० पडतात. पट्टा सैल असला की प्रत्येक पावलाचा धक्का ठोक्यासारखा दिसतो आणि घड्याळ तोच पकडून बसतं. धावणारे याला 'कॅडन्स लॉक' म्हणतात. ओळखायचं सोपं आहे. आकडा १७० च्या आसपास चिकटलाय, चढ आला तरी वाढत नाही, उतारावर कमी होत नाही, आणि तुम्ही तर आरामात गप्पा मारताय. मग उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा पडतो ते मोजा आणि चारने गुणा. उत्तर घड्याळातल्या आकड्याशी जुळलं, तर ते तुमचे ठोके नाहीत, तुमची पावलं आहेत. थांबा, पट्टा आवळा, अर्धा मिनिट चाला आणि पुन्हा सुरुवात करा.

बांधायचं कसं

मनगटाचं जे हाड वर आलेलं दिसतं, त्याच्यावर घड्याळ बांधू नका. हाडापासून कोपराच्या बाजूला एक-दोन बोटं जागा सोडा, तिथे मांस जास्त असतं. दिवसभर सैलसर चालेल, पण व्यायामाला एक भोक घट्ट. परीक्षा अशी: घड्याळ बोटाने बाजूला ढकला. त्वचा घड्याळाबरोबर सरकली तर ठीक, घड्याळ त्वचेवरून घसरलं तर सैल. कडेने हिरवा उजेड बाहेर सांडत असेल तरीही सैलच. बोटांना मुंग्या आल्या तर मात्र जास्त आवळलंय.

ज्या हातात बांगड्या, कडं किंवा गंडा-दोरा आहे त्या हातात घालू नका. पळताना ते घड्याळावर आपटत राहतं. श्रावणात राखीच्या आठवड्यातही हात बदलायचं लक्षात ठेवा, आणि हात बदलला की सेटिंगमध्ये डावा-उजवाही बदला. मनगटावर गर्द गोंदण किंवा टॅटू असेल तर शाई प्रकाश अडवते. तिथे कितीही आवळलं तरी उपयोग नाही, दुसरा हात वापरा.

बांधल्या बांधल्या पळू नका. पाच-दहा मिनिटं भरभर चालून हात गरम झाले की रीडिंग स्थिरावतं. आणि व्यायाम सुरू करताना घड्याळात तो व्यायाम प्रत्यक्ष सुरू करा. एरवी बॅटरी वाचवण्यासाठी बरीच घड्याळं सलग मोजत नाहीत, थोड्या थोड्या वेळाने डोकावतात. 'चालताना बघितलं तर पाच मिनिटं एकच आकडा होता' ही तक्रार बहुधा यातूनच येते.

खातरजमा हातानेच करायची. पळणं थांबवा, दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटं अंगठ्याच्या मुळाशी नाडीवर ठेवा, १५ सेकंद मोजा, चारने गुणा. थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरतात, म्हणून तुलना मोजणीच्या मध्यावर दिसलेल्या आकड्याशी करा. पाच-सहाचा फरक चालतो. वीसचा असेल तर अजून पट्ट्यातच काहीतरी चुकतंय.

छातीचा पट्टा कधी घ्यावा

चालणं, संथ पळणं, डोंगर चढणं एवढंच करायचं असेल तर मनगट पुरतं. सायकल, जिम, रोइंग आणि छोटे इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग विसावा, पुन्हा जोरात) यांना मात्र मनगट कमी पडतं. हँडल किंवा डंबेल धरताना मनगट वाकतं, स्नायू ताणले जातात आणि सेन्सर उचलला जातो. शिवाय हिरव्या दिव्याचा आकडा काही सेकंद मागे असतो. ३० सेकंदांची जोरदार धाव संपत येते तेव्हा कुठे घड्याळ वर चढायला लागतं.

छातीचा पट्टा हृदयाची विद्युत लहरच पकडतो, त्यामुळे तो जलद आणि नेमका असतो. ही कल्पना घड्याळातल्या हिरव्या दिव्याच्या कितीतरी आधीची. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्ये बिनतारी छाती-पट्ट्याचं पहिलं यंत्र बाजारात आणलं, आणि आजही मनगटाचं रीडिंग तपासायचं असलं की तुलना अशाच पट्ट्याशी होते. विकत घेताना तो ब्लूटूथचा आहे की एएनटी प्लसचा (दोन्ही बिनतारी जोडणीचे प्रकार), आणि तुमचं घड्याळ त्यातलं काय पकडतं, हे आधी बघा. दोन्ही असलेला घेतलात तर पुढे सायकलच्या संगणकालाही जोडता येतो.

घालायच्या आधी आतल्या बाजूचे दोन रबरी किंवा कापडी पॅड पाण्याने चांगले भिजवा. कोरडा पट्टा म्हणजे पहिली दहा मिनिटं वाया, घाम येईपर्यंत तो २१० पासून ४० पर्यंत काहीही दाखवतो. बरगड्यांवर, छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, दीर्घ श्वास घेतला तरी सरकणार नाही इतका घट्ट. बायकांनी स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीच्या खाली, त्वचेला लागून. कोरड्या थंडीत पॉलिएस्टरचा ढगळ टी-शर्ट वाऱ्याने फडफडला की स्थिर विजेमुळेही आकडा उसळतो. अंगाला बसणारा शर्ट घाला. घरी आल्यावर मधलं यंत्र पट्ट्यापासून काढून ठेवा, कारण ओला पट्टा त्याला 'अजून अंगावरच आहे' असं भासवतो आणि आतला नाण्याएवढा सेल उगाच संपतो. पट्टा रोज साध्या पाण्याखाली धरायचा, आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुवायचा. पिळायचा नाही.

छातीवर पट्टा नकोसा वाटणाऱ्यांसाठी दंडावर बांधायची पट्टीही मिळते. तीही प्रकाशानेच मोजते, पण दंड मनगटासारखा वाकत नाही, म्हणून सायकलवर ती बरी पडते.

सेटिंग: इथे घाई नको

जन्मतारीख, वजन, उंची भरून बहुतेकजण पुढे जातात. खरे महत्त्वाचे आकडे दोन: विश्रांतीचे ठोके आणि कमाल ठोके.

विश्रांतीचे ठोके सकाळी जाग आल्यावर, चहाच्या आधी, पडल्या पडल्या. पाच-सात दिवस नोंदवा आणि मधला आकडा धरा. घड्याळ रात्री घालून झोपत असाल तर ते स्वतःच काढेल, तोही चालतो. मोठ्या माणसाचे साधारण ६० ते १०० असतात, नियमित पळणाऱ्यांचे ६० च्या खाली जातात. बसल्या जागी सतत १०० च्या वर राहत असतील, किंवा व्यायामाची सवय नसताना ५० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल, तर ते डॉक्टरांना दाखवायचं काम आहे.

कमाल ठोक्यांसाठी घड्याळ '२२० वजा वय' हे सूत्र धरतं. ते सरासरीचं सूत्र आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत वीस ठोक्यांचा फरक सहज असतो, आणि त्यात कमी-जास्त तंदुरुस्तीचा संबंध नसतो. २००१ मध्ये आलेलं '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' हे सूत्र उतारवयात जास्त बरं बसतं. साठीच्या माणसाला पहिलं १६० देतं, दुसरं १६६. चाळिशीत दोन्ही १८० वरच येतात, म्हणून तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. सुरुवातीला दुसऱ्या सूत्राचा आकडा भरा.

दोन-तीन महिने नियमित व्यायाम झाल्यावर खरा आकडा मैदानात काढता येतो. छातीचा पट्टा असेल तरच.

१. १५ मिनिटं हळू पळून अंग गरम करा, शेवटी दोन-तीन छोट्या धावा घ्या.
२. सलग दोन-तीन मिनिटांचा चढ निवडा. पुण्यात वेताळ टेकडीचा रस्ता, मुंबईत मलबार हिलचा, असं काहीही चालेल, फक्त वाहनं नकोत.
३. पहिली फेरी जोरात, दुसरी त्याहून जोरात. प्रत्येक वेळी हळू पळत खाली या.
४. तिसऱ्या फेरीत शेवटची ३० सेकंदं जीव तोडून. तेव्हा दिसलेला सर्वात मोठा आकडा ही तुमची कमाल.
५. दहा मिनिटं चाला. एकदम बसू नका.

चाळिशी ओलांडलेली आणि व्यायाम नवा, मधुमेह, रक्तदाब, घरात कमी वयात हृदयविकार: यातलं काही असेल तर ही चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर त्या ठोके वर जाऊच देत नाहीत. तिथे कुठलंच सूत्र लागू पडत नाही, श्वासावर आणि डॉक्टरांच्या आकड्यावर चालायचं.

एक बटण शोधून बंद करा: कमाल ठोके आपोआप बदलण्याचं. ते चालू असलं तर एखाद्या दिवशी सैल पट्ट्यामुळे उसळलेला २०५ हा आकडा घड्याळ खरा मानतं, आणि त्या दिवसापासून सगळे झोन, म्हणजे सोप्यापासून जोरदार व्यायामापर्यंतचे ठोक्यांचे पट्टे, वर सरकतात. मग 'सोपा' म्हणून केलेला व्यायाम दमवतो आणि कारण कुणाला सापडत नाही.

झोन टू चा घोटाळा

घड्याळात पाच झोन असतात, आणि सध्या ज्याला त्याला झोन टू मध्ये पळायचं असतं. पण तो कुठे सुरू होतो हे हिशोबाच्या पद्धतीवर ठरतं. समजा कमाल १८०, विश्रांती ६४.

कमालीच्या टक्केवारीने, ६० ते ७० टक्के: १०८ ते १२६.

राखीव ठोक्यांच्या पद्धतीने: १८० वजा ६४ म्हणजे ११६ राखीव. त्यांचे ६० ते ७० टक्के काढून ६४ मिळवले की १३४ ते १४५.

माणूस तोच, 'झोन टू' तोच, आणि दोन पट्टे एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. पहिल्या पट्ट्यात नवख्याला पळताच येत नाही, भरभर चाललं तरी तो १२० ला पोचतो आणि वैतागतो. दुसरा काहींना जरा चढा पडतो. बहुतेक चांगल्या घड्याळांत 'कमालीच्या टक्के' की 'राखीवच्या टक्के' हे निवडता येतं. विश्रांतीचे ठोके नीट मोजले असतील तर राखीव पद्धत निवडा, कारण तिच्यात तुमच्या शरीराचे दोन आकडे येतात. मग ती बोलून तपासा. एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं तर पट्टा बरोबर. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर घड्याळ काहीही म्हणो, तुम्ही त्याच्या वर आहात. पट्टा पाच-सात ठोके खाली घ्या आणि विषय संपवा.

पहिले सहा आठवडे काम एवढंच: आठवड्यातून चार दिवस, ३० ते ४५ मिनिटं, या बोलता येणाऱ्या पट्ट्यात. वरच्या मर्यादेचा इशारा लावून ठेवा. घड्याळ थरथरलं की चालायला लागा, दहा ठोके उतरले की पुन्हा पळा. सुरुवातीला पळण्यापेक्षा चालणंच जास्त होईल. शेजारून आजोबा पुढे निघून जातील, जाऊ द्यावेत. सहाव्या आठवड्यात त्याच ठोक्यांना तोच रस्ता लवकर संपायला लागतो, आणि सुधारणा मोजायची ती इथेच. घड्याळातल्या कॅलरीवर मात्र विसंबू नका. तो अंदाजावर केलेला अंदाज असतो, त्याच्या जोरावर जास्तीचा वडापाव खाऊ नये.

दमट हवेत ठोके फसवतात, पण घड्याळाचा दोष नसतो. मुंबई, कोकण, गोव्यात ऑक्टोबर आणि मे महिन्यांत घाम वाळत नाही, अंग थंड ठेवायला हृदयाला रक्त त्वचेकडे ढकलावं लागतं, आणि त्याच वेगाला दहा-पंधरा ठोके जास्त पडतात. तासाभराच्या धावेत वेग न बदलताही आकडा हळूहळू वर सरकतो. अशा दिवशी ठोके धरून ठेवा, वेग सोडा. अपुरी झोप आणि बारीक ताप यांनीही हेच होतं. सकाळचे विश्रांतीचे ठोके नेहमीपेक्षा सात-आठ जास्त, तेही सलग दोन दिवस, असतील तर फक्त फिरायला जा.

गडावर

डोंगर चढताना ठोके पळण्याइतकेच वर जातात, फक्त वेग कमी असल्यामुळे ते जाणवत नाही. आतकरवाडीतून सिंहगड म्हणजे जवळजवळ ६०० मीटरचा सलग चढ. पहिल्या वीस मिनिटांत गटाबरोबर राहायच्या नादात लोक कमालीच्या ९० टक्क्यांवर जातात आणि पुढचा गड फरफटत चढतात. पहिला अर्धा तास कमालीच्या ७५ टक्क्यांच्या वर जायचं नाही असा इशारा लावा. दम खायला थांबलात तर घड्याळ बघून निघा: ११० च्या आसपास उतरेपर्यंत उभे राहा, तेवढ्यात पाणी प्या.

उतरताना घड्याळ 'सोपं' म्हणतं, ठोके १०० च्या आसपास. तो आकडा गुडघ्यांना लागू नाही. मांड्या उतारावरच खऱ्या दुखतात आणि हे कुठलाही सेन्सर सांगत नाही. काठ्या वापरत असाल तर मूठ आवळलेली राहते आणि मनगटाचं रीडिंग बिघडतं. काठीचा पट्टा मनगटात घालून पकड सैल ठेवा.

जीपीएस घरून निघायच्या आधी तयार करा. आदल्या रात्री घड्याळ फोनशी जोडलं की उपग्रहांच्या जागांची ताजी माहिती त्यात उतरते. पायथ्याला उघड्यावर एक-दोन मिनिटं स्थिर उभं राहून सिग्नल आल्यावरच नोंद सुरू करा. कड्याच्या पोटातून किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या घळीतून जाताना उपग्रहांचा सिग्नल कातळावर आपटून येतो आणि नकाशावरची रेघ दरीत उड्या मारते. तिच्यावर विश्वास ठेवून वाट बदलू नका. वाटेची फाईल आधीच घड्याळात भरून ठेवा आणि 'आलो त्या वाटेने परत' ही सोय घरच्या टेकडीवर एकदा वापरून बघा.

उंची मोजणारं घड्याळ प्रत्यक्षात हवेचा दाब मोजतं. सह्याद्रीच्या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की घड्याळ आठ-नऊ मीटर पुढेमागे होतं. आणि आपल्याकडे दाब रोज सकाळी दहाच्या सुमाराला चढतो, दुपारी चारच्या सुमाराला उतरतो, हवा बदलली नाही तरी. म्हणून सकाळी कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात बरोबर असलेलं घड्याळ संध्याकाळी त्याच जागी वीस-तीस मीटर जास्त दाखवू शकतं. उपाय: माहीत असलेल्या उंचीवर ती हाताने भरा. कळसूबाईच्या माथ्यावर १६४६ मीटर.

पावसाळ्यात टच पडदा थेंबांनाच बोट समजतो. व्यायाम आपोआप थांबतो, कधी पुसलाही जातो. पडदा लॉक करा, बटणं वापरा. चिखल लागला की दाबाच्या सेन्सरची बारीक भोकं बुजतात आणि उंची गोठते. साध्या पाण्याने धुवा, टाचणी घालू नका.

बाकी व्यायाम, थोडक्यात

सूर्यनमस्कारात हात जमिनीवर टेकला की मनगट वाकतं, आणि कडेचं बटण हाताच्या पाठीने दाबलं जाऊन नोंद थांबते. घड्याळ कोपराकडे चार बोटं सरकवा किंवा उलटं फिरवून बटण कोपराच्या बाजूला आणा. पोहताना छातीचा पट्टा ब्लूटूथ किंवा एएनटी प्लसने पाण्याखालून घड्याळाला काही पाठवू शकत नाही. काही पट्टे आकडे स्वतःत साठवतात आणि बाहेर आल्यावर देतात, घेताना तेवढं विचारा. घड्याळावरचं '५ एटीएम' म्हणजे ५० मीटर खोल बुडी मारता येते असं नव्हे. पोहायला पुरेसं आहे, पण गरम पाणी आणि साबण त्याची रबरी सील लवकर खराब करतात. आंघोळीला काढूनच ठेवा.

पट्ट्याखाली लाल चट्टा आला तर बहुधा घाम आणि साबण अडकल्यामुळे. रोज धुवा, कोरडं करा, चट्टा जाईपर्यंत हात बदला.

घड्याळ १२० हिरवं दाखवत असताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काही आलं, तर आकडा बघत बसू नका. खाली बसा, सोबत्याला सांगा, १०८ ला फोन लावा. हार्ट रेट मोजणारं घड्याळ हृदयाचा झटका ओळखत नाही.

दोन दिवसांच्या ट्रेकला निघताना घड्याळ पूर्ण चार्ज करा, फोनचे संदेश बंद करा, सतत चालू राहणारा पडदा बंद करा, आणि रात्री मुक्कामी घड्याळ बंद ठेवा. चार्जरची वायर बहुतेक घड्याळांची वेगळी असते, गटात दुसऱ्याची लागत नाही. ती पॉवर बँकेबरोबर एकाच पिशवीत ठेवा.